देवघरातल्या चंद्रभागाबाई

शनिवार पेठ, पुणे
ऋषिपंचमी

प्रिय स्वराली,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की बाबा ठणठणीत आहेत. आज सकाळी त्यांचं दूधवाल्याशी, पेपरवाल्याशी आणि लिफ्टशी भांडण झालं. लिफ्ट उलट बोलत नाही म्हणून तिच्याशी जरा जास्त वेळ चाललं. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण आपले फोन कसे होतात ते दोघींनाही ठाऊक आहे. तू बाबांचं ब्लडप्रेशर विचारतेस, मी वरचा आकडा सांगते, खालचा सांगते, मग ओवीची शाळा, मग बंगळूरचा पाऊस, आणि मग कोणीतरी ठेवते म्हणतं. मेसेज केला असता तर तुझ्याकडून वर केलेला अंगठा आला असता. मला सांगायचंय ते त्यात मावणारं नाही. देवघरातल्या चंद्रभागाबाई जागेवर नाहीत. त्यांचा कप्पा रिकामा आहे, अविधवा नवमी एकोणीस दिवसांवर आली आहे, आणि तिथे आता काय ठेवायचं यावरून या घरात गेले तीन आठवडे कोणी कोणाशी धड बोलत नाही. घरात आम्ही दोघंच असल्यामुळे हे फार कठीण जातं.

चंद्रभागाबाई तुमच्या घरच्या, त्यांची ओळख मी तुला करून द्यावी हे म्हणजे जरा अतीच. पण मला त्या कशा भेटल्या ते ऐक. मी या घरात आले त्याला सतरा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या बाबांनी मला देवघरापुढे उभं केलं आणि शाळेत नव्या बाईंना स्टाफरूममध्ये फिरवतात तसं एकेकाला भेटवलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवतेचा टाक, आणि डावीकडच्या उभ्या कप्प्यात लाकडी चौकटीतली वीतभर काच. काचेवर रंगवलेली नऊवारीतली बाई, गोरीपान, केस मोकळे, आणि डोळे इतके घारे की मांजरानं मान खाली घालावी. ह्या चंद्रभागाबाई, बाबा म्हणाले, आप्पासाहेबांचं पहिलं कुटुंब. म्हणजे तुझ्या पणजोबांची पहिली बायको. एकोणिसाव्या वर्षी प्लेगात गेल्या, मूलबाळ नाही. सवाष्णपणी गेल्या म्हणून दर अविधवा नवमीला त्यांच्या नावाने एक सवाष्ण जेवायला बोलवायची, साडी द्यायची, ओटी भरायची. देवघरातल्या बाईचे केस मोकळे का, हे मला खटकलं होतं. पण नव्या सुनेने, ती सत्तेचाळीस वर्षांची असली तरी, पहिल्याच दिवशी शंका काढू नयेत म्हणून न्हाऊन आल्या असतील अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे कळलं की या घराण्यात जिथे म्हणून घारे डोळे निघाले त्याचं सगळं श्रेय चंद्रभागाबाईंना जातं. तू झालीस तेव्हा तुझ्या आत्याने म्हणे पाळण्यात वाकून जाहीर केलं, डोळे थेट चंद्रभागेचे. जिला मूलच झालं नाही तिचे डोळे चौथ्या पिढीत कुठून आले, हे कोणाला सुचलं नाही. मी तेवीस वर्षं आठवीला शास्त्र शिकवलं. मलाही सुचलं नाही.

तर आषाढात आमच्याकडे अपेक्षा आली. लोणी काळभोरची मुलगी, वडिलांचा ऊस आहे, स्वतः पीएच.डी. करते. विषय काय, तर इंग्रजांच्या काळात नाटकगृहांतून जादूच्या कंदिलाने भुतं दाखवायचे त्याचा इतिहास. एका जुन्या जाहिरातीच्या कागदावर तिला आप्पासाहेबांचं नाव सापडलं आणि ती विचारत विचारत पेठेत आली. तुझ्या बाबांनी तिला चहा दिला आणि मग शांतपणे सांगितलं की आपली चूक होते आहे, आमचे आजोबा नाटकमंडळीत चित्रकार होते, भुतंवाले नव्हते. तिने कागद पुढे केला. त्यावर आप्पासाहेबांचं नाव, खाली ठळक अक्षरात ‘भुतांचा खेळ’, आणि त्याखाली सूचना: भुते काचेची आहेत. तरी भित्र्यांनी पुढे बसू नये व न भिणाऱ्यांनी येण्याची तसदी घेऊ नये. ही भाषा बघितल्यावर बाबांना नातं नाकारता येईना. वाडा पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हा आलेली एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, ती खाली काढली. आत धुराडं असलेला एक पत्र्याचा कंदील निघाला, मुठीएवढं पितळी भिंग, फडक्यात गुंडाळलेल्या तीस काचा आणि एक मोडी लिपीतली वही. अपेक्षा मोडी वाचते. घड्याळाकडे न बघता ती चार तास आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून होती आणि मी आयुष्यात इतकी हसले नव्हते.

आप्पासाहेब तरुणपणी एका फिरत्या गोऱ्या खेळवाल्याच्या हाताखाली दिवाबत्ती सांभाळायचे. तो कॅम्पात साहेबलोकांना भुतं दाखवायचा. मायदेशी परतताना त्याने आपला जुना कंदील आणि काचा यांना देऊन टाकल्या. मग आप्पासाहेबांनी मंडईजवळच्या एका पत्र्याच्या नाटकगृहात दोन अंकांच्या मधल्या वेळेत आपला खेळ लावला. एक ओलं धोतर पडद्यासारखं ताणायचं, मागे चाकांच्या गाड्यावर कंदील, आणि गाडा हळूहळू मागे ओढत न्यायचा. तसतसं भूत मोठं होत जातं, आणि पुढे बसलेल्यांना वाटतं ते आपल्याच अंगावर येतंय. सगळं जमलं, पण पेठेतले लोक काही भिईनात. वहीत आप्पासाहेब लिहितात, साहेबाची भुते आपल्या लोकांस ओळखू येत नाहीत, बिनमुंडक्याचा चिलखती सरदार पाहून मंडळी हा कोणाकडचा असे विचारतात. आणखी एका दिवशीची नोंद आहे, आज एका गृहस्थांनी भुताचे गोत्र विचारले, सांगितले, तेव्हा बसले. शेवटी आप्पासाहेबांनी रंग घेतले आणि काचांवरची साहेबी भुतं एकेक करून देशी केली. सरदाराची मुंज लावून त्याचा मुंजा झाला. एका जाड्या पाद्र्याला शेंडी आणि जानवं देऊन ब्रह्मराक्षस केलं. त्यानंतर म्हणे पुढच्या दोन बाकांवर कोणी बसेना.

काचा तीस होत्या आणि वहीतल्या यादीत एकतीस. अपेक्षा हे बोलली तेव्हा मी गॅसवरचं दूध बघत होते, आणि तिची नजर देवघराकडे गेली ती मला कळली. त्या काचेची चौकट आणि ट्रंकेतल्या चौकटी एकाच सुताराच्या होत्या. ती बाबांना काही बोलली नाही, पोरगी शहाणी आहे. एवढंच म्हणाली, काका, घरच्या लोकांसाठी एकदा हा कंदील लावून दाखवू का, आणि देवघरातली तसबीरही त्यातून मोठी दिसेल. बाबांना ही कल्पना पसंत पडली. शंभर वर्षं वीतभर राहिलेल्या चंद्रभागाबाई एकदा भिंतभर व्हाव्यात असं त्यांना वाटलं. त्यांनी श्रावणातला शुक्रवार ठरवला, हळदीकुंकवाचा. बिल्डिंगमधल्या अकरा बायकांना स्वतः जाऊन निमंत्रण दिलं.

दुपारी चार वाजता आम्ही पडदे ओढले, सोफ्यामागे पांढरी चादर ताणली, आणि अपेक्षाने कंदिलात तेलाच्या दिव्याऐवजी एलईडीचा बल्ब बसवला. तिथेच पहिला खटका उडाला. या कंदिलात काच उलटी घालावी लागते, तेव्हा चित्र सुलटं पडतं. बाबा आडवे आले. आमच्या घरची सवाष्ण खाली डोकं वर पाय अशी आत जाणार नाही, म्हणाले. अपेक्षाने भिंगाचा नियम सांगितला, मी आठवीच्या पुस्तकातली आकृती काढून दाखवली, काही उपयोग झाला नाही. शेवटी काच सुलटी घातली आणि चंद्रभागाबाई चादरीवर आठ फूट उंच, डोक्यावर उभ्या अशा प्रकट झाल्या. अकरा बायकांनी तशाच हात जोडले. दोघी-तिघींनी मान तिरकी करून दर्शन घेतलं. मग बाबांनी आपणहून देवाची क्षमा मागितली आणि काच उलटी घालायला परवानगी दिली.

खरं सांगते स्वराली, त्या सरळ उभ्या राहिल्या तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. फार सुरेख दिसत होत्या. आणि नेमक्या त्या वेळी अपेक्षाने विचारलं की चौकटीच्या बाजूला ही पितळी पट्टी कशाची. बाबा म्हणाले, ती धरायची असते. दर दिवाळीला तसबीर पुसताना तीन पिढ्यांनी ती पट्टीनेच धरली आहे. अपेक्षाने आदल्या दिवशी चौकट साफ करताना फटीत साचलेलं काहीतरी लाल खरवडून काढलं होतं. आम्हाला ते कुंकू वाटलं. तिने पट्टीला नुसता हात लावला. आत दोन काचा होत्या, एकामागे एक. पट्टीबरोबर पुढची काच सरकली आणि चंद्रभागाबाईंच्या जागी आमच्या दिवाणखान्यात आठ फुटी सांगाडा उभा राहिला. नाकातली नथ तेवढी तशीच.

कोणी किंचाळलं नाही, हे मी या पेठेच्या बाजूने नमूद करते. अपेक्षाच्या तोंडून तेवढं निघालं, “काकू, हे लई भारी हाय.” मग खालच्या मजल्यावरच्या शालूवहिनी सावकाश उठल्या, पदर सावरला, हळदीकुंकू घ्यायला कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, “सत्यशीलाबाई, तुमच्याकडच्या चंद्रभागाबाई वाळल्या हो फार.” मला हसू आवरेना आणि बाबांकडे बघायचीही सोय नव्हती. त्यात पट्टी अडकली. पुढची काच परत जागेवर येईना, ती अजूनही येत नाही. अपेक्षा म्हणते जाणकार माणसाकडून दुरुस्त करून घ्यावी लागेल. सध्या चंद्रभागाबाई, किंवा त्यांचं जे काही उरलंय ते, टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे, कारण सांगाडा देवांशेजारी ठेवायला बाबा तयार नाहीत.

पुढचं वाचून तू मला शिव्या घालशील, पण ऐक. अपेक्षाने वहीत ती एकतिसावी काचही शोधून काढली. आमच्या चंद्रभागाबाई म्हणजे मूळच्या मड्डम. पांढऱ्या झग्यातलं विलायती भूत, केस मोकळे, डोळे निळे. आप्पासाहेबांनी झग्याची नऊवारी केली, नथ घातली, निळ्या डोळ्यांत थोडा हिरवा मिसळला, आणि कोकणस्थ हडळ तयार झाली. वहीत म्हटलंय की तिच्यावर मंडळी फार खूश होती. म्हणजे तुमच्या घराण्याने तीन पिढ्या दर नवमीला एका गोऱ्या भुताला साडी नेसवली आणि तिच्या डोळ्यांचा अभिमान बाळगला. मी अपेक्षाला म्हटलं, हे प्रबंधात घाल, पण आमचा फ्लॅट नंबर घालू नकोस.

मात्र वहीच्या शेवटच्या पानावर अक्षर वेगळं आहे. मोडी नाही, साधं बाळबोध, नुकतं लिहायला शिकलेल्या बाईचं. ते दुर्गाबाईंचं. त्या आप्पासाहेबांच्या दुसऱ्या, तुझी खरी पणजी. खेळ चालू असताना पडद्यामागे बसून ती पितळी पट्टी ओढायचं काम त्यांचंच होतं, असं वहीतच आहे. म्हणजे ही बाई नाही, हडळ आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पुढे बायोस्कोप आला, आप्पासाहेबांचा खेळ बंद पडला, तेव्हा त्यांनी लिहिलंय: थोरलीची तसबीर नाही. नवमीला पान कोणापुढे मांडावे. डब्यात बाकी सारी भुतेच, हिच्यापुढे हात जोडवतात, तर हीच थोरली. फटीत लाख भरली आहे, कोणी ओढू नये. अपेक्षाने खरवडलं ते कुंकू नव्हतं, ती लाख होती. हे वाचल्यावर मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओटा पुसत राहिले. ओटा स्वच्छच होता. दुसरेपणावर येऊन पहिलीचं पान मांडायचं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. या घरात मी दर नवमीला दोन नावं घेते, एक मोठ्याने आणि एक मनात. मनातलं नाव विजयमाला. तुझ्या आईच्या नावाची साडीही मी त्याच काचेपुढे ठेवत आले, कारण माझ्याकडेही दुसरं काही नव्हतं. तुझ्या बाबांना हे माहीत आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

बाबा चार दिवस गप्प होते. कसले गप्प, तर शालूवहिनींनी जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवली तरी गप्प. पाचव्या दिवशी दुपारी रिकाम्या कप्प्यासमोर पाट घेऊन बसले होते. मी चहा ठेवायला गेले तर म्हणाले, चंद्रभागाबाईंचे डोळे जर मड्डमेचे, तर मग स्वरालीचे डोळे कोणाचे. बराच वेळ चहा तसाच होता. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “विजूचे डोळे घारे होते ना गं? मला तिचा चेहरा नीट येत नाहीये डोळ्यांपुढे.” मी तुझ्या आईला कधी पाहिलेलं नाही, स्वराली. त्यांनी हे मला विचारलं, यावरून त्यांना किती वेळ आठवेना झालं असेल ते तू ओळख. त्यानंतर त्यांनी कपाटं उपसली. एका जुन्या ओळखपत्रावर तिचा फोटो मिळाला, पण शिक्का मारणाऱ्याने तो नेमका चेहऱ्याच्या मधोमध मारलाय. कपाळ दिसतं, आणि एक कान. ते कार्ड आता त्यांच्या चष्म्याच्या डबीत असतं आणि मला दिसणार नाही असं ते समजतात.

म्हणून हे पत्र. मी लग्न करून यायच्या आदल्या आठवड्यात तू तुझ्या आईचे सगळे फोटो, भिंतीवरचेही, बॅगेत भरून घेऊन गेलीस. मी त्याबद्दल तुला कधी काही विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. वीस वर्षांची असते तर मीही तेच केलं असतं, कदाचित खिळेही उपटून नेले असते. बाबा तुझ्याकडे मागणार नाहीत, मरेपर्यंत मागणार नाहीत, म्हणून मी मागते आहे, आणि माझा मागायचा हक्क किती ते मला माहीत आहे. एक फोटो दे. सगळे नकोत, तुला सगळ्यात कमी आवडणारा असेल तो चालेल, फक्त डोळे दिसले पाहिजेत. कुरियरने पाठवलास तर मी पोच देईन. पण तू स्वतः घेऊन आलीस, नवमीच्या दिवशी, तर मला फार बरं वाटेल. त्या कप्प्यात तो तुझ्या हातून ठेवला जावा, माझ्या नव्हे. आणि मला त्या दिवशी जेवायला एक सवाष्ण हवी असते. मुलगी चालते का, हे मी गुरुजींना विचारलेलं नाही. ते नाही म्हणतील म्हणूनच विचारलेलं नाही. विजयमालाताईंच्या पानावर तू जेवावंस, बाबा समोर बसलेले असावेत, आणि मी वाढावं, एवढीच माझी इच्छा आहे. पुरणाचं करते. ओवीलाही आण.

तुझीच,
सत्यशीला